होनस वॅग्नर : दहा डॉलरचा नकार

रुंदी दीड इंचाहून किंचित कमी, उंची अडीच इंचांहून थोडी अधिक. नारिंगी पार्श्वभूमीवर मधोमध भांग पाडलेला, रुंद चेहऱ्याचा, काहीसा गंभीर दिसणारा एक पुरुष आणि चित्राखाली त्याचे आडनाव व शहर. बोस्टनचे छायाचित्रकार कार्ल हॉर्नर यांनी टिपलेल्या छायाचित्रावरून हे चित्र रंगवले गेले आणि १९०९ साली ते सिगारेटच्या पाकिटातून ग्राहकाला फुकट मिळत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अशाच एका कार्डासाठी ७२ लाख ५० हजार डॉलर मोजण्यात आले. ते कार्ड नवेकोरे होते असेही नाही, शंभराहून अधिक वर्षांची झीज त्यावर स्पष्ट दिसत होती.

कार्डावरचा तो पुरुष म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर. आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही, त्यामुळे त्याचे नाव येथे क्वचितच कानावर येते. मात्र अमेरिकेतही आज या नावाशी अनेकांची ओळख होते ती खेळामुळे नव्हे, तर या कागदाच्या तुकड्यामुळे. दैवदुर्विलास असा की, हा तुकडा छापला जाऊ नये हीच त्याची इच्छा होती.

योहानस पीटर वॅग्नर याचा जन्म २४ फेब्रुवारी १८७४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराजवळच्या कोळसा खाणींच्या प्रदेशात झाला. आई-वडील जर्मनीहून आलेले. योहानस या जर्मन नावाचेच बोलीभाषेत 'होनस' झाले. नऊ अपत्यांच्या या कुटुंबाचा निर्वाह खाणीवर चाले. बाराव्या वर्षी होनसची शाळा सुटली आणि वडील व भावांबरोबर तो कोळशाच्या कामाला लागला. पुढे त्याने केशकर्तनाचेही शिक्षण घेतले. खाणीतल्या अंधारापेक्षा न्हाव्याचा वस्तरा बरा, असा विचार त्या काळच्या कोणत्याही कामगार कुटुंबाने केला असता. १८९४ साली शार्टियर्स आणि मॅन्सफिल्ड ही दोन गावे एकत्र होऊन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या नावाचे 'कार्नेगी' हे गाव अस्तित्वात आले. वॅग्नरने आयुष्यभर या गावाची साथ सोडली नाही.

घरात खेळाडू म्हणून नाव होते ते थोरल्या अल्बर्टचे. १८९५ साली ओहायोतील स्टुबेनव्हिल येथील संघाला खेळाडूची गरज भासली, तेव्हा अल्बर्टने धाकट्या भावाची शिफारस केली. पुढच्याच वर्षी एड बॅरो या चाणाक्ष संघचालकाने त्याला न्यू जर्सीतील पॅटरसन संघासाठी करारबद्ध केले. रेल्वेच्या आवारात दगड की कोळशाचे खडे लांबवर भिरकावणारा हा तरुण बॅरोच्या नजरेस पडला, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणात फारसे न शिरलेले बरे, कारण खाणकामगाराच्या मुलाला शोभेल अशी ती कुणीतरी घडवलेली दिसते. १८९७ मध्ये तो लुइव्हिल संघातून नॅशनल लीगमध्ये, म्हणजे देशातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत दाखल झाला. १९०० साली लीगने बारा संघांचे आठ संघ केले, लुइव्हिलचा संघ मोडीत निघाला आणि मालक बार्नी ड्रेफस यांनी आपले उत्तम खेळाडू पिट्सबर्गला नेले. वॅग्नर अशा रीतीने घरी परतला तो कायमचाच.

त्याची शरीरयष्टी खेळाडूची वाटत नसे. उंची पाच फूट अकरा इंच, वजन दोनशे पौंडांच्या घरात, छाती पिंपासारखी, हात लांब आणि पाय धनुष्यासारखे बाकदार. परंतु मैदानावर हाच माणूस विलक्षण चपळाईने धावे. जर्मन वंशामुळे आणि या वेगामुळे त्याला 'फ्लाइंग डचमन' म्हणत. येथे 'डच' म्हणजे हॉलंडचा नव्हे, तर 'डॉइच' म्हणजे जर्मन. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली 'शॉर्टस्टॉप' ही क्षेत्ररक्षणातील अत्यंत अवघड जागा. तेथे तो चेंडूबरोबर मूठभर मातीही उचलून पहिल्या बेसकडे फेकी, असे वर्णन त्याच्या समकालीनांनी करून ठेवले आहे.

१९०० ते १९११ या बारा वर्षांत त्याने नॅशनल लीगचा फलंदाजीचा मान आठ वेळा पटकावला. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. १९०० साली वॅग्नरची सरासरी हजारात ३८१ होती आणि एकवीस हंगामांच्या अखेरीस ती ३२८ च्या आसपास राहिली. गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा बेस गाठणे, म्हणजे बेस 'चोरणे', यात तो पाच वेळा लीगमध्ये अव्वल ठरला. १९१४ मध्ये तीन हजार फटक्यांचा टप्पा त्याने ओलांडला.

या कारकिर्दीवर एक डाग होता आणि तो त्याला फार सलत असे. १९०३ साली दोन लीगच्या विजेत्यांमधील पहिली आधुनिक 'वर्ल्ड सिरीज' बोस्टन आणि पिट्सबर्ग यांच्यात झाली. पिट्सबर्ग पाच सामन्यांविरुद्ध तीन असे हरले. वॅग्नरची सरासरी २२२ वर घसरली आणि क्षेत्ररक्षणात त्याच्या हातून सहा चुका घडल्या. सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, त्याला भरपाईची संधी मिळाली. त्या वर्षी पिट्सबर्गने ११० सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांची गाठ पडली ती डेट्रॉइट टायगर्सशी. डेट्रॉइटकडे तरुण, तापट आणि बेस चोरण्यात पटाईत असा टाय कॉब होता. सात सामन्यांची ही मालिका पिट्सबर्गने ४-३ अशी जिंकली. वॅग्नरची सरासरी ३३३, तर कॉबची २३१. वॅग्नरने सहा बेस चोरले. कॉबने त्याला वंशावरून डिवचल्याची आणि त्याने चेंडू कॉबच्या तोंडावरच हाणल्याची गोष्ट नंतर वर्षानुवर्षे रंगवली गेली. कॉबने मात्र ती फेटाळली.

नेमक्या याच वर्षी त्या कार्डाचे प्रकरण घडले.

सिगारेटची पाकिटे त्या काळी मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा घातला जाई. हा तुकडा कोरा का ठेवावा, असा व्यापारी विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पुढे आला आणि त्यावर नट्या, पक्षी, निशाणे, खेळाडू अशी चित्रे छापली जाऊ लागली. चित्रांचा संच पुरा करायचा म्हणून ग्राहक त्याच छापाच्या सिगारेटकडे पुन्हा वळे. १८९० मध्ये जेम्स ब्युकॅनन ड्यूक यांनी मोठमोठ्या उत्पादकांना एकत्र आणून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' उभी केली आणि पाहता पाहता देशातील सिगारेटचा बहुतेक व्यापार तिच्या मुठीत आला. या कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पाचशेहून अधिक चित्रांचा बेसबॉलपटूंचा संच काढला. 'स्वीट कॅपोरल', 'पीडमाँट' अशा सोळा छापांच्या पाकिटांतून ही कार्डे वाटली गेली. संग्राहक या संचाला आज 'टी-२०६' या नावाने ओळखतात. त्यातील सामान्य कार्डे आजही हजारोंनी उपलब्ध आहेत. वॅग्नरची शिल्लक कार्डे मात्र साधारण साठाच्या घरात आहेत आणि तीही फक्त स्वीट कॅपोरल व पीडमाँट या दोनच छापांची.

या दुर्मीळतेचे मूळ एका कायद्यापर्यंत जाऊन पोहोचते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ॲबिगेल रॉबर्सन या तरुणीचे चित्र तिला न विचारताच पिठाच्या जाहिरातीवर हजारोंच्या संख्येने छापले गेले होते. ती न्यायालयात गेली आणि १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठात हरली. स्वतःच्या चेहऱ्यावर माणसाचा असा हक्क कायद्यात नाही, असा तो निकाल होता. वृत्तपत्रांनी त्यावर एवढी टीकेची झोड उठवली की, दुसऱ्याच वर्षी राज्याला कायदा करावा लागला. व्यापारासाठी कोणाचेही नाव किंवा चित्र वापरायचे तर त्या व्यक्तीची लेखी संमती आवश्यक झाली. तंबाखू कंपनीचे मुख्यालय न्यूयॉर्क शहरात होते. १८८०च्या दशकात कंपन्यांनी खेळाडूंची चित्रे बिनदिक्कत छापली होती, १९०९ मध्ये मात्र संमतीपत्रे मिळवणे भाग होते. बहुतेक खेळाडूंनी ती आनंदाने दिली असावीत. एका रॉबर्सनने लढून हरलेला खटला नसता, तर वॅग्नरच्या नकाराला कंपनीने कितपत किंमत दिली असती, याची शंकाच आहे.

पिट्सबर्गमधील खेळाडूंची संमती मिळवण्याचे काम जॉन ग्रुबर या स्थानिक क्रीडा पत्रकाराकडे आले. तो पायरेट्सच्या सामन्यांचा अधिकृत गुणलेखकही होता आणि वॅग्नरशी त्याचा परिचय होता. वॅग्नरची संमती मिळाल्यास त्याला दहा डॉलर मिळणार होते. ग्रुबरने पत्र पाठवले. उत्तरात वॅग्नरने आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात येऊ नये, अशी इच्छा स्पष्ट शब्दांत कळवली. मात्र आपल्या नकारामुळे ग्रुबरचे दहा डॉलर बुडू नयेत, म्हणून तेवढ्या रकमेचा धनादेश त्याने पत्रासोबत जोडला. ही हकीकत 'स्पोर्टिंग न्यूज' या क्रीडा साप्ताहिकाने ऑक्टोबर १९१२ मध्ये छापली. ग्रुबरने तो धनादेश वटवला नाही, चौकटीत बसवून ठेवला.

तोवर छपाई सुरू झाली होती. काही कार्डे पाकिटांतून बाजारात गेलीही होती. कंपनीने वॅग्नरचे चित्र छापण्याचे थांबवले. जी कार्डे सुटली, तीच काय ती उरली.

वॅग्नरने नकार का दिला, याविषयी एक शतकभर वाद चालू आहे. कार्डांसाठी मुले सिगारेटच्या मागे लागतात आणि आपल्या चित्राने त्याला हातभार लागू नये, असे त्याला वाटले, ही पहिली उपपत्ती. सिगारच्या दुकानांबाहेर घुटमळून गिऱ्हाइकांकडे कार्ड मागणारी मुले तेव्हाच्या शहरांत नेहमीची होती. या उपपत्तीवर आक्षेप असा की, वॅग्नर स्वतः सिगार ओढी, तंबाखू चघळी आणि लुइव्हिलमध्ये असताना त्याचे चित्र एका सिगार कंपनीच्या कार्डावर आलेही होते. मग अचानक तंबाखूचे वावडे कसे? म्हणून दुसरी उपपत्ती पुढे आली, ती पैशाची. कंपनी फुकटात किंवा फारच थोडक्यात काम उरकू पाहत होती आणि वॅग्नरला ते पटले नाही, असे हा पक्ष म्हणतो.

पैशाची उपपत्ती वरवर व्यवहारी वाटते, पण वॅग्नरच्या आयुष्याशी ती नीट जुळत नाही. चित्रासाठी पैसे हवे असलेला माणूस नकाराबरोबर स्वतःच्या खिशातले दहा डॉलर का पाठवील? अमेरिकन लीग नव्याने उभी राहत असताना वॅग्नरला फोडण्यासाठी क्लार्क ग्रिफिथने त्याच्यासमोर वीस हजार डॉलर रोख ठेवल्याचे सांगितले जाते. तरी तो पिट्सबर्ग सोडून गेला नाही. याचा अर्थ त्याला पैशाची किंमत नव्हती, असा नव्हे. १९०८ च्या हंगामापूर्वी त्याने निवृत्तीची भाषा केली आणि अखेर दहा हजार डॉलरच्या, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट वेतनावर तो परतला. १९०५ साली लुइव्हिलच्या हिलरिच कंपनीला त्याने बॅटवर आपली स्वाक्षरी कोरण्याची परवानगी दिली होती. खेळाडूने एखाद्या मालाला अशा प्रकारे आपले नाव देण्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण होय. म्हणजे नाव विकण्याला त्याचा तत्त्वतः विरोध नव्हता. बॅटला त्याने नाव दिले, सिगारेटला दिले नाही.

तो स्वतः तंबाखू वापरी, हा आक्षेपही दिसतो तितका बिनतोड नाही. त्या काळच्या अमेरिकेत सिगार आणि चघळायची तंबाखू हा पुरुषांचा रिवाज होता. सिगारेट मात्र स्वस्त, सहज लपवता येणारी आणि म्हणूनच मुलांना बिघडवणारी चीज मानली जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी सिगारेटविरोधी चळवळ इतकी जोरात होती की, इंडियानासह अनेक राज्यांनी सिगारेटच्या विक्रीवरच बंदी घातली. सिगार ओढणाऱ्या माणसाने सिगारेटला नाक मुरडणे यात तेव्हा कुणाला विसंगती दिसली नसती. शिवाय त्याच सुमारास मुलांसाठीच विकल्या जाणाऱ्या कॅरॅमल गोळ्यांसोबत वाटलेल्या कार्डांवर वॅग्नरचे चित्र आहे. साप्ताहिकाने नोंदवलेला त्याचा आक्षेपही सिगारेटच्या पाकिटालाच होता. दोन्ही उपपत्ती तराजूत टाकल्या, तर पारडे पहिलीकडेच झुकते.

त्या संचात वॅग्नर एकटाच दुर्मीळ नाही, मात्र इतरांची कारणे वेगळी आहेत. शेरी मॅगीच्या आडनावाचे स्पेलिंग चुकले आणि चूक लगेच सुधारली गेल्याने चुकीची कार्डे थोडी राहिली. जो डॉयलच्या कार्डावर त्याच्या न्यूयॉर्क संघाची लीगच चुकीची छापली गेली. ती कार्डे तर वॅग्नरहूनही कमी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. फिलाडेल्फियाच्या एडी प्लँकच्या कार्डाबाबत छपाईचा साचा बिघडला, असे काही जण म्हणतात, तर त्यालाही तंबाखू नको होती, असे इतरांचे मत आहे. पण लीग चुकलेल्या डॉयलला वॅग्नरएवढा भाव नाही. दुर्मीळतेला थोरवीची जोड लागते.

कंपनीचे साम्राज्यही फार काळ टिकले नाही. मे १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिचे विभाजन करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी आणखी एक लहानशी गोष्ट घडली. सरकारी भौगोलिक नाम मंडळाने १८९१ साली पिट्सबर्गच्या इंग्रजी स्पेलिंगमधील शेवटचे 'एच' अक्षर काढून टाकले होते. नागरिकांच्या आग्रहाखातर ते १९११ मध्ये परत आले. वॅग्नरच्या कार्डावर आणि गणवेशावर ते अक्षर नाही, ते यामुळे.

वॅग्नर १९१७ पर्यंत खेळला. त्या वर्षी संघाचे व्यवस्थापकपद त्याच्या गळ्यात पडले; पाच सामन्यांत एक विजय आणि चार पराभव पदरी पडल्यावर त्याने ते सोडून दिले. ३० डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने बेसी स्मिथशी विवाह केला होता. त्यांचे पहिले अपत्य जन्मतःच गेले. पुढे दोन मुली झाल्या. क्रीडासाहित्याचा व्यवसाय त्याने करून पाहिला, पण धंदा हा त्याचा पिंड नव्हता. १९३३ मध्ये पायरेट्सने त्याला प्रशिक्षक म्हणून परत बोलावले आणि १९५१ पर्यंत तो तेथे राहिला. नवख्या खेळाडूंना शिकवावे आणि त्यांच्यात बसून जुन्या काळच्या अतिरंजित गोष्टी सांगाव्यात, हा त्याचा उतारवयातील आनंद होता. १९३६ साली बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली. टाय कॉबला २२२ मते मिळाली. बेब रूथ आणि वॅग्नर या दोघांना प्रत्येकी २१५. एप्रिल १९५५ मध्ये, तो हयात असतानाच, फोर्ब्ज फील्ड मैदानाजवळ त्याचा पुतळा उभारण्यात आला. ६ डिसेंबर १९५५ रोजी कार्नेगी येथेच वयाच्या ८१ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

कार्डाचे दिवस तोवर पालटू लागले होते. जेफरसन बर्डिक या संधिवाताने जर्जर झालेल्या संग्राहकाने अमेरिकेतील छापील कार्डांची सूची तयार केली. 'टी-२०६' हा क्रमांक त्याचाच. इतर कार्डे काही सेंटला मिळत असताना वॅग्नरच्या कार्डाची किंमत त्याने ५० डॉलर धरली होती. आपला तीन लाखांहून अधिक छापील वस्तूंचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला.

त्यानंतर या व्यवहारात मोठा पैसा शिरला आणि त्यामागोमाग लबाडीही. उत्तम स्थितीतील म्हणून गाजलेले एक कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले. हात बदलत बदलत २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. या कार्डाच्या कडा इतक्या सरळ आणि धारदार कशा, याची कुजबूज संग्राहकांत बरीच वर्षे होती. १९८५ मध्ये ते विकत घेणारा लिलावदार बिल मास्ट्रो याने २०१३ साली एका फसवणुकीच्या खटल्यात कबुली दिली की, त्या कडा त्यानेच कातरल्या होत्या.

दुसरे एक कार्ड मात्र पहिल्यापासूनच बिघडलेले होते. त्याची पांढरी चौकट कापलेली आणि एका कोपऱ्याला ठळक घडी पडलेली. एका कुटुंबाने १९३६ पासून जपलेले हे कार्ड २०१० मध्ये मृत्युपत्राद्वारे बाल्टिमोरच्या 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या जोगिणींच्या संघाकडे आले. मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतलेल्या या संघाने ते लिलावात काढले आणि त्यातून दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम आपल्या कार्यासाठी उभी केली.